कोसळणाऱ्या यंत्राची शेवटची ओळ

लिनक्सवर चालणारा एखादा सर्व्हर कोलमडतो तेव्हा पडद्यावर, किंवा सिरियल केबलच्या दुसऱ्या टोकाला, एक ओळ उमटते. ‘कर्नल पॅनिक’ या शब्दांनी ती सुरू होते आणि पाठोपाठ कुठल्या प्रोसेसरवर, कुठल्या फंक्शनमध्ये, कुठून कुठे जाताना घात झाला याचा तपशील येतो. वाचणाऱ्याचं लक्ष साहजिकच घाताच्या कारणाकडे जातं. मला मात्र ती ओळ तिथे असते याचंच नवल वाटतं. या यंत्राला स्वतःच्या मेमरीचा भरवसा उरलेला नाही. त्याच्या बाकीच्या प्रोसेसरना असाल तिथे थांबा असा हुकूम सुटला आहे. कुठलं कुलूप कोणाच्या हातात अडकून पडलं आहे याचा पत्ता नाही. अशा अवस्थेत ते एक सुसंगत वाक्य जुळवतं आणि अक्षर-अक्षर करत बाहेर पाठवतं. यामागे काही विलक्षण चिकाटीच्या माणसांची कित्येक वर्षं आहेत, आणि त्या वर्षांतला मोठा भाग कोड लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचा कोड वाचण्यात गेला आहे.

हे संदेश ‘प्रिंटके’ नावाच्या फंक्शनमधून जातात. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत लिहिलेल्या अगदी पहिल्या आवृत्तीतही ते होतं. काम साधं दिसतं: हाक मारा, मजकूर द्या, तो नोंदला जाईल आणि जमेल तसा छापला जाईल. पण त्याच्यावरची अट पाहिली की थक्क व्हायला होतं. कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, कुठल्याही ओळीवरून, कुठल्याही क्षणी त्याला हाक मारता आली पाहिजे. इंटरप्ट, म्हणजे काम मध्येच थांबवणारी हाक, हाताळताना, हातात दहा लॉक असताना, मेमरी संपलेली असताना, झोपायला म्हणजे थांबून वाट पाहायला मनाई असताना, आणि सगळं उद्ध्वस्त होत असतानाही. कर्नलमधल्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनला ‘मला अमुक परिस्थितीत बोलावू नका’ असं म्हणायची मुभा असते. प्रिंटकेला ती नाही. आणि हा कर्नल काही प्रयोगशाळेतला नव्हे. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतली सगळी यंत्रं नोव्हेंबर २०१७ पासून त्याच्यावरच चालतात.

अडचण सुरू होते ती एकाहून जास्त प्रोसेसर आले की. प्रत्येक संदेशाला एक क्रमांक हवा. समजा, मेमरीत ‘पुढचा क्रमांक ४१’ असं लिहिलेलं आहे. क्रमांक घेणं म्हणजे तीन पावलं: ४१ वाचायचा, त्यात एक मिळवायचा, ४२ परत लिहायचा. आता दोन प्रोसेसरना एकाच क्षणी काही सांगायचं आहे. पहिल्याने ४१ वाचला. त्याने ४२ लिहायच्या आत दुसऱ्यानेही ४१ वाचला. दोघांना एकच क्रमांक मिळाला, दोघे एकाच जागेत आपापला मजकूर लिहू लागले, आणि त्यातून जे उरलं ते दोघांपैकी कोणाचंच नव्हतं. मेमरीच्या एकाच जागेला दोघांनी एकाच वेळी हात घालायचा, त्यातल्या निदान एकाने तिथे लिहायचं, आणि कोण आधी कोण नंतर हे ठरवणारं मध्ये काहीच नसायचं, या प्रकाराला ‘डेटा रेस’ म्हणतात. ती दिवसभरात एकदा घडेल, वर्षात एकदा घडेल, किंवा चाचणी घेताना कधीच न घडता गिऱ्हाइकाकडे पहिल्याच रात्री घडेल.

यावरचा जुना उपाय म्हणजे लॉक. एकेरी लोहमार्गावर जसा एकच गोळा असतो, गोळा हातात असेल त्याच गाडीने पुढच्या स्टेशनपर्यंत जायचं आणि तिथे तो देऊन टाकायचा, तसं हे. एडस्खर डेकस्ट्रा यांनी १९६० च्या दशकात या कल्पनेला शास्त्रशुद्ध रूप दिलं, आणि त्यांनी दिलेलं सेमाफोर हे साधन लिनक्सच्या कन्सोलवर आजही पहारा देत उभं आहे. लिनक्समध्ये दोन पहारे होते. संदेश साठवायच्या गोल बफरवर एक लॉक, आणि तो बफर रिकामा करून प्रत्यक्ष पडद्यावर किंवा केबलवर पाठवण्यासाठी दुसरा, तो ‘कन्सोल लॉक’.

इथपर्यंत सगळं ठीक वाटतं. पण प्रिंटकेवरची ती अट आठवा आणि गोळा हातात असलेल्या प्रोसेसरचं काय काय होऊ शकतं याचा विचार करा.

प्रोसेसरला अडवता न येणारा एक प्रकारचा इंटरप्ट असतो. यंत्र अडकलं आहे का हे तपासणारा पहारेकरी बऱ्याचदा त्याच वाटेने येतो. प्रोसेसर बफरचं लॉक घेऊन आत असताना नेमका तो आला, आणि त्याला काहीतरी गंभीर सांगायचं असलं, तर तो प्रिंटकेला हाक मारणार. प्रिंटके लॉक मागणार. लॉक आहे त्याच प्रोसेसरच्या आधीच्या, अर्धवट थांबलेल्या कामाकडे. ते काम इंटरप्ट संपल्याशिवाय पुढे सरकणार नाही, आणि इंटरप्ट लॉक मिळाल्याशिवाय संपणार नाही. यंत्र अडकलंय हे सांगायला आलेल्यानेच यंत्र अडकवलं. दुसरा प्रसंग त्याहून वाईट: पॅनिकमध्ये बाकीचे प्रोसेसर थांबवले जातात, आणि थांबवलेल्यांपैकी एकाच्या हातात कन्सोल लॉक असतं. तो आता कधीच जागा होणार नाही. लॉकची वाट पाहिली तर शेवटची ओळ बाहेर पडणार नाही. न पाहता घुसलं तर हार्डवेअर कुठल्या अर्धवट अवस्थेत सापडेल ते सांगता येत नाही. जुन्या कोडने दुसरा मार्ग घेतला होता. पॅनिकमध्ये लॉक मोडून आत शिरायचं आणि पुढचं नशिबावर सोडायचं.

तिसरी अडचण वेगाची आहे, आणि तिचे आकडे मांडले की तिचं आकारमान कळतं. सिरियल केबलवर आजही सर्रास वापरला जाणारा वेग म्हणजे सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला आगेमागे धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला सुमारे ७ मिलिसेकंद जातात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर २ कोटींहून जास्त ठोके मोजतो. म्हणजे एक ओळ छापण्यासाठी प्रोसेसरने आपल्या हिशेबात एक युग घालवायचं. त्यात जुनी पद्धत अशी, की ज्याच्या हातात कन्सोल लॉक त्याने बफर पूर्ण रिकामा होईपर्यंत छापत राहायचं. इतर प्रोसेसर लॉक मिळालं नाही तर आपला संदेश बफरमध्ये टाकून पुढे निघून जायचे, आणि त्यांचे संदेश छापायची जबाबदारी आत अडकलेल्या त्या एकट्यावर पडायची. शेकडो प्रोसेसरच्या यंत्रावर सगळे बडबडू लागले की तो एकटा सेकंदामागून सेकंद छापतच राहायचा, त्याचं मूळ काम तसंच पडायचं, आणि शेवटी पहारेकरी तोच प्रोसेसर अडकला असं जाहीर करायचा. ती घोषणासुद्धा प्रिंटकेमधूनच जायची. २०१८ मध्ये स्टीव्हन रोस्टेड यांनी यावर एक देखणी तोड काढली: नवा येणारा प्रोसेसर थोडा थांबेल, आणि छापणारा हातातली ओळ संपली की लॉक न सोडता थेट त्याच्या हाती देईल. ओझं एकावर साचायचं थांबलं. दुखणं मात्र मुळात होतं तिथेच राहिलं.

संदेश पोचला नाही तर काय होतं, याचं कर्नलबाहेरचं एक उदाहरण सांगितलंच पाहिजे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टॅरियो प्रांतात मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. कारणं अनेक होती. उच्च दाबाच्या तारांना टेकलेली झाडं हे त्यांतलं एक. पण ओहायोमधल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षात त्या दुपारी सव्वादोनच्या सुमारास धोक्याचे इशारे देणारी प्रणाली मुकी झाली होती. ती बंद पडली हे सांगणारंही काही वाजलं नाही. पुढे तासाभराहून जास्त वेळ तारा एकामागून एक निकामी होत गेल्या आणि समोर बसलेल्या माणसांना सगळं शांत आहे असंच दिसत राहिलं. जनरल इलेक्ट्रिकच्या त्या सॉफ्टवेअरचा लाखो ओळींचा कोड कित्येक आठवडे चाळल्यावर कारण सापडलं ते डेटा रेसचं. दोन प्रक्रियांना एकाच माहितीवर एकाच वेळी लिहायची संधी मिळाली होती, माहिती विस्कटली आणि इशारे हाताळणारा प्रोग्राम न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला. या घटनेचा अहवाल वाचल्यापासून, संदेश देणारा कोड हा दुय्यम कोड आहे असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. यंत्राबद्दलचं आपलं सगळं ज्ञान त्या एका वाटेने येतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये लिनुट्रॉनिक्स या जर्मन कंपनीतल्या जॉन ऑग्नेस यांनी प्रिंटकेची मुळापासून नवी मांडणी सुचवली. बफरवरचं लॉक काढूनच टाकायचं. सप्टेंबरमध्ये लिस्बनला भरलेल्या परिषदेत या भागाची जबाबदारी सांभाळणारे समोरासमोर बसले आणि दिशा ठरली. रिव्ह्यू होत होत त्या बफरचं रूप पुन्हा पुन्हा बदललं. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ५.१० आवृत्तीत तो अखेर दाखल झाला.

लॉकशिवाय हे कसं जमतं, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रोसेसरकडे एक अविभाज्य सूचना असते: ‘या जागी अजून जुनीच किंमत असेल तरच नवी लिही, नाही तर मला सांग’. मध्ये कोणी शिरून गेलं असेल तर ते लगेच कळतं आणि आपण पुन्हा प्रयत्न करतो. नव्या बफरमध्ये प्रत्येक संदेशामागे एक वर्णन असतं, आणि त्या वर्णनाचा क्रमांक व अवस्था दोन्ही एकाच मेमरी-शब्दात बसवलेली असतात. वरचे दोन बिट अवस्थेचे, उरलेले क्रमांकाचे. दोन बिटांत चार अवस्था मावतात: जागा राखून ठेवली आहे, मजकूर लिहून झाला आहे, त्यात आता काहीही जोडता येणार नाही, आणि ही जागा पुन्हा वापरायला मोकळी आहे. क्रमांक आणि अवस्था एकाच शब्दात असल्यामुळे दोन्ही एकाच फटक्यात बदलतात; अर्धं जुनं अर्धं नवं असं चित्र कोणाला दिसूच शकत नाही. अडवता न येणारा तो इंटरप्ट आता मध्येच आला तरी त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही. तो पुढची जागा राखतो, आपलं म्हणणं लिहितो आणि निघून जातो.

पण यात एक अशी गोष्ट आहे, की ती पहिल्यांदा समजते तेव्हा पायाखालची जमीन हलते. आपण कोडमध्ये ‘आधी मजकूर लिही, मग तयार अशी खूण कर’ असं लिहिलं म्हणून दुसऱ्या प्रोसेसरला ते त्याच क्रमाने दिसेल याची हमी नाही. कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, वेगासाठी ओळींचा क्रम बदलतो. मेमरीतली किंमत एकदाच वाचून जवळ ठेवतो आणि ‘खूण झाली का, खूण झाली का’ असं विचारणारा फेरा मग ती जुनीच किंमत बघत अनंतकाळ फिरतो. प्रोसेसरही लिहिलेलं आधी आपल्याजवळ साठवतो आणि सवडीने बाहेर सोडतो. इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर याबाबत बरेच शिस्तीचे आहेत. आर्म आणि पॉवर घराण्यातले बरीच मोकळीक घेतात. त्यांच्यावर ‘तयार’ ही खूण आधी दिसून मजकुराच्या जागी जुनाच कचरा वाचला जाऊ शकतो. आणि आर्म म्हणजे कोण तर आपल्या बहुतेकांच्या खिशातला फोन. ‘आता’ हा एक सामायिक क्षण यंत्राच्या आत नसतो. प्रत्येक प्रोसेसरचा भूतकाळ थोडा वेगळा असतो.

म्हणून कोडमध्ये जागोजागी मेमरी बॅरिअर घालावे लागतात. ‘याच्या आधीचं सगळं दिसल्याशिवाय याच्या पुढचं दिसता कामा नये’ असं सांगणारी ही रेघ. एकटा बॅरिअर मात्र निरुपयोगी असतो. लिहिणाऱ्याने घातलेल्या रेघेला वाचणाऱ्याच्या बाजूने जोडीदार रेघ लागते, आणि बऱ्याचदा ती दुसऱ्याच फंक्शनमध्ये, शेकडो ओळी दूर असते. ऑग्नेस यांच्या त्या बफरच्या फाइलमध्ये बॅरिअरशी संबंधित ओळींना नावं दिलेली आहेत, फंक्शनचं नाव आणि पुढे एक अक्षर अशी, आणि प्रत्येक बॅरिअरवरच्या टिपणात लिहिलेलं आहे की हा कोणाचा जोडीदार, आणि ही जोडी कुठली ओळ कुठल्या ओळीच्या आधी दिसेल याची हमी देते. माझ्या मते ती टिपणं त्या कोडइतकीच मोलाची आहेत. गणितातल्या सिद्धतेच्या पायऱ्या वाचाव्यात तशी ती वाचता येतात, आणि तशीच तपासता येतात. तपासायचं साधनही आहे. जेड ॲलग्लेव्ह, लुक मारँजे, पॉल मॅकेनी, अँड्रिया पारी आणि ॲलन स्टर्न यांनी कर्नलच्या मेमरीचे नियम औपचारिक भाषेत बांधले आणि २०१८ च्या ४.१७ आवृत्तीपासून ते कर्नलसोबतच मिळतात. दोन-तीन प्रोसेसरच्या चार-चार ओळींचा छोटा नमुना लिहून द्यायचा, आणि प्रोग्राम सगळ्या शक्य क्रमांची छाननी करून सांगतो की नको असलेला निकाल येऊ शकतो की नाही.

मोठ्या कोडमधल्या रेसा शोधायला दुसरं साधन लागतं. गूगलमधल्या मार्को एल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं ‘केसीसॅन’ ऑगस्ट २०२० च्या ५.८ आवृत्तीत आलं. त्याची युक्ती मला फार आवडते. ते प्रत्येक मेमरी-वापरावर नजर ठेवत नाही. नेहमीच्या मांडणीत हजारो वापर सोडून देतं आणि मधूनच एखादा पकडतं. त्या जागेवर खूण ठेवतं आणि त्या कामाला मुद्दाम काही मायक्रोसेकंद थांबवून ठेवतं. या थांब्यात दुसरा कोणी त्याच जागेला हात लावायला आला की दोघेही रंगेहाथ सापडतात. कोणी दिसलं नाही पण किंमत मात्र बदललेली आढळली, तरी तक्रार नोंदवली जाते. जी घटना लाखात एकदा घडते तिची खिडकी ते हाताने रुंद करतं.

तक्रार आली म्हणजे उत्तर मिळालं असं नाही. खरा रिव्ह्यू तिथून सुरू होतो. कन्सोलच्या कोडमधलंच उदाहरण घेतो. प्रत्येक कन्सोलला काही खुणा असतात: हा चालू आहे का, तात्पुरता बंद आहे का, वगैरे. पूर्वी कन्सोलची यादी नुसती चाळायलाही कन्सोल लॉक लागायचं. फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ आवृत्तीत यादी बदलण्यासाठी वेगळं लॉक आलं आणि वाचणाऱ्यांना लॉक न घेता यादीतून जायची वाट मिळाली. म्हणजे आता एक जण खूण वाचत असताना दुसरा ती बदलू शकतो, आणि हे मान्य आहे. वाचणाऱ्याला जुनी खूण दिसली तरी चालेल, नवी दिसली तरी चालेल; अर्धवट किंवा कंपायलरने मनाने बदललेली मात्र चालणार नाही. म्हणून खूण वाचायला एक खास छोटं फंक्शन लिहिलं गेलं. ते आधी तपासतं की हाक मारणारा खरोखरच त्या सुरक्षित वाचनाच्या मर्यादेत आहे ना. मग कंपायलरला बजावतं की ही किंमत एकदाच आणि पूर्ण वाच. तिसरं म्हणजे, इथे रेस आहे आणि ती जाणूनबुजून ठेवली आहे, अशी लेखी कबुली देतं. लिहिण्याच्या बाजूला याचा जोडीदार आहे, आणि टिपणात त्याचं नाव आहे.

या तिन्हींतली कबुली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. साधनाची तक्रार बंद करणं फार सोपं असतं. ‘एकदाच वाच’ असा शेरा त्या ओळीवर लावला की केसीसॅन गप्प बसतं. पण तसं डोळे मिटून केलं तर रेस तिथेच राहते, फक्त तिच्यावर बोट ठेवणारा नाहीसा होतो. चांगला रिव्ह्यू करणारा अशा पॅचवर, म्हणजे सुचवलेल्या बदलावर, थांबतो आणि विचारतो: हीच किंमत दोन ओळी खाली पुन्हा वाचली आहे, मध्ये बदलली तर काय होईल? या खुणेवर विसंबून पुढे ज्या माहितीला हात घातला आहे, तिचा क्रम कोण सांभाळतं? हा कोड पॅनिकमध्ये चालला तर? इंटरप्टमध्ये चालला तर? हेच फंक्शन स्वतःच्याच मध्ये पुन्हा शिरलं तर? सूझ या कंपनीतले पेत्र म्लादेक, तसंच सर्गेई सेनोझात्स्की, रोस्टेड आणि ऑग्नेस यांनी वर्षानुवर्षं एकमेकांचा कोड असाच वाचला आहे. एका टिपणातल्या एका वाक्यावरून पॅचची पुढची आवृत्ती निघावी, त्यावर आणखी शंका याव्यात, असं इथे नेहमी घडतं. बाहेरच्या माणसाला ते कीस काढणं वाटेल. पण इथे प्रोग्राम चालवून बघणं पुरत नाही. लाख वेळा बरोबर चाललेला कोडही चुकीचा असू शकतो. मनातल्या मनात सगळे क्रम चालवून बघणारा वाचक हीच शेवटची चाचणी.

बफर मोकळा झाला तरी कन्सोल लॉक उरलंच होतं. प्रत्येक कन्सोलला आपला स्वतंत्र छपाई-धागा द्यायचा, म्हणजे संदेश टाकणाऱ्याला छापत बसावं लागणार नाही, हा विचार ५.१९ च्या तयारीत आत घेतला गेला आणि जून २०२२ मध्ये, आवृत्ती बाहेर पडण्याआधीच, मागे घेतला गेला. कोसळण्याच्या काही प्रसंगी संदेश वेळेत बाहेर पडत नव्हते. धागा चालायला यंत्र जिवंत लागतं. मागे घेण्याचा तो निर्णय योग्यच होता, आणि त्यातून जे पुढे आलं ते जास्त चांगलं होतं.

नव्या मांडणीत सगळ्या कन्सोलसाठी एक लॉक ही कल्पनाच गेली. प्रत्येक कन्सोलची मालकी एका ३२ बिटांच्या शब्दात लिहिलेली असते: मालकाचा दर्जा २ बिट, मालकी मागणाऱ्याचा दर्जा २ बिट, ‘सध्या नाजूक काम चालू आहे’ ही खूण १ बिट, ‘पूर्वी कधी तरी नाजूक कामातच मालकी हिसकावली गेली’ ही १ बिट, आणि २४ बिट मालक असलेल्या प्रोसेसरचा क्रमांक. दर्जे तीन: साधा, आणीबाणीचा आणि पॅनिकचा. वरच्या दर्जाचा प्रोसेसर आला आणि आधीचा मालक नाजूक कामात नसेल, तर तो मालकी सरळ घेतो. आधीच्याला पुढच्या पावलावर कळतं की आपण आता मालक नाही, आणि तो हार्डवेअरला हात न लावता बाजूला होतो. नाजूक काम चालू असेल तर येणारा आपली मागणी शब्दात नोंदवून ठरावीक काळ थांबतो, आणि मालक ते काम संपताच ताबा देतो. कशालाच उत्तर आलं नाही, दुसरा प्रोसेसर खरोखरच गेला, तर पॅनिकच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर जबरदस्तीने ताबा घेण्याची परवानगी आहे, आणि तसं केल्याची खूण कायम राहते, म्हणजे ड्रायव्हरला कळावं की हार्डवेअर विस्कटलेलं असू शकतं. पूर्वी पॅनिकमध्ये जे नशिबावर सोडलं जायचं त्याला आता पायऱ्या आहेत.

ही घडण जानेवारी २०२४ च्या ६.७ पासून तुकड्या-तुकड्यांनी आत आली आणि त्याच वर्षीच्या ६.१२ मध्ये प्रत्यक्ष छपाईपर्यंत पोचली. तिच्यामुळे आणखी एक दार उघडलं. कारखान्यातले रोबो, ध्वनिमुद्रणाची यंत्रं यांना ठरलेल्या वेळेत उत्तर देण्याची हमी देणारी लिनक्सची ‘रिअल टाइम’ मांडणी सुमारे वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर वाढत होती. शेवटच्या मोठ्या अडथळ्यांपैकी एक प्रिंटके होता. एक ओळ छापायला ७ मिलिसेकंद प्रोसेसर अडकणार असेल तर वेळेची हमी कोण देणार? सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात थॉमस ग्लाइक्सनर यांनी ती मांडणी आत घेण्याची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून टॉरवाल्ड्स यांच्या हातात दिली. ती मान्य झाली.

काम अजून चालू आहे, कारण जुने ड्रायव्हर एकेक करून नव्या पद्धतीत आणावे लागतात आणि ते तोपर्यंत कन्सोल लॉकवरच चालतात. प्रत्येकात नाजूक भाग नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कोणीतरी ठरवावं लागतं. ८२५० या जुन्या सिरियल चिपचा ड्रायव्हर घ्या. अक्षरं पाठवण्याआधी तो चिपची इंटरप्ट चालू-बंद ठेवणारी किंमत वाचून जपून ठेवतो, तिथे शून्य लिहितो, अक्षरं पाठवतो आणि जपलेली किंमत परत लिहितो. दुसरा प्रोसेसर मधल्या काळात आत शिरला तर तो शून्यच ‘मूळ किंमत’ म्हणून जपतो. पहिल्याने खरी किंमत परत लिहिली, मग दुसऱ्याने शून्य परत लिहिलं, की संपलं. चिपचे इंटरप्ट कायमचे बंद. छपाई चालूच राहते, कुठे तक्रार नाही, फक्त त्या केबलवरून आत काही टंकलं तर यंत्राला ते कधीच ऐकू येत नाही. अशा एका ओळीसाठी रिव्ह्यू करणारा विचारतो की ही किंमत आणखी कुठल्या वाटेने बदलते, आणि मग त्या ड्रायव्हरमधल्या तसल्या सगळ्या वाटा शोधून प्रत्येकीवर कोणाचं लॉक आहे ते तपासावं लागतं.